बांध आधी, पाणी नंतर

धामापूरला निघालीस म्हणे. बरं केलंस. मालवणला जाणारी मंडळी किल्ला बघतात, सुरमई खातात, तारकर्लीच्या वाळूत लोळतात आणि परत फिरतात. वाटेवरच्या डोंगरात पाचशे वर्षांचा तलाव आहे, याचा पत्ता त्यातल्या कितीतरी जणांना नसतो. आपल्या रत्नागिरीकरांना तरी तो परका वाटू नये. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोवर मालवण तालुका आपल्याच जिल्ह्यात होता. आमच्या शाळेतल्या नकाशात रत्नागिरी जिल्हा बाणकोटपासून थेट रेडीपर्यंत पसरलेला असायचा.

बरोबर पुण्याच्या मैत्रिणी आहेत, म्हणून चार गोष्टी कानात घालून ठेवते. काही माझ्या आजीच्या आहेत, काही माझ्या. ऐकून घे, मग तुझं तू ठरव.

महाबळेश्वर डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नकोस

मैत्रिणींना आधीच सांग, की हे थंड हवेचं ठिकाण नव्हे. वेण्णा लेकसारखी घोड्यांची रांग नाही, मक्याची कणसं भाजणारे नाहीत. वेण्णा तलाव १८४२ चा, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवलेला. धामापूरचा त्याच्याहून तीनशे वर्षांनी थोरला. इथले डोंगर सह्याद्रीच्या कड्यांसारखे अंगावर येत नाहीत. बुटके आहेत, झाडीनं गच्च भरलेले, आणि दोन्ही अंगांनी खाली उतरून पाण्याला टेकलेले. काठावर भगवतीचं देऊळ, पलीकडे माड-पोफळीची आगरं, कौलारू घरं. ज्यांना ‘इथे करायचं काय?’ हा प्रश्न अर्ध्या तासात पडतो, त्यांना सरळ तारकर्लीला सोड आणि तू एकटी ये.

मोसम बघून जा

जुलैत तळं काठोकाठ असतं, डोंगरातून पऱ्ये धावत येतात, बघायला फारच छान. पण जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं. गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. उतरायचंच झालं तर आडवं पाऊल टाकत, हात मोकळे ठेवून, फोन पिशवीत. आमची आजी म्हणायची, पावसाळ्यात पायरीला आधी पाय लावून विचारावं, मग भार द्यावा.

दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. भात कापून झालेलं असतं, हवा कोरडी, पाणी भरलेलं, आणि आसपासच्या गावांत जत्रा सुरू झालेल्या. रात्री कुठे दशावतार आहे हे सकाळीच चहाच्या टपरीवर विचारून ठेव. नाटक उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा अंगावर घ्यायला शाल हवी.

पण तलाव म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मे महिन्यात जा. उकडेल, घामानं जीव जाईल, तरी जा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी जागेवर उभं राहिलं तर माणसाच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट होईल. आणि तरीही एप्रिल उजाडला की वरच्या वाड्यांवर टँकरची वाट बघतात. सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, उतार तीव्र, नद्या आखूड, आणि पायाखालचा जांभा भोकाभोकांचा. आलेलं पाणी थांबायला तयार नसतं. विहिरीचा तळ दिसायला लागला की घागर हळू सोडायची, गाळ ढवळायचा नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. अशा मुलखात भर मे महिन्यात समोर पाणी पसरलेलं दिसलं, की बांधणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात.

गाडीची वाट आणि एसटीची पाटी

गाडीनं जाणार असशील तर हातखंब्याला महामार्ग धर. पाली, लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली करत कसाल गाठ. तिथून मालवणच्या रस्त्याला लागून चौक्यापर्यंत जा आणि चौक्याला धामापूरची वाट विचार. दुसरी वाट कुडाळहून नेरूरपारच्या पुलावरून. ही मला जास्त आवडते, कारण कर्ली नदी ओलांडून काळशामार्गे गावात शिरता येतं. वाटेत थांबत गेलं तर साडेतीन-चार तास धर. सकाळी सहाला निघालीस तर दहाच्या आत पाण्यावर असशील, ऊन चढायच्या आधी.

रेल्वेनं गेलीस तर कुडाळला उतर. स्टेशन गावाबाहेर आहे, एसटी स्टँडवर यायला रिक्षा करावी लागते. बसायच्या आधी भाडं ठरवून घे. स्टँडवर मालवणची गाडी दिसली म्हणून लगेच चढू नकोस. कंडक्टरला विचार, ‘नेरूरपारवरून जाते ना?’ मालवणला जायच्या वाटा एकाहून जास्त आहेत, आणि चुकीच्या गाडीत बसलीस तर तलाव न बघता थेट बंदरावर उतरशील. परतीची शेवटची गाडी कधी, हे उतरतानाच विचारून ठेव. आडगावात संध्याकाळी टाइमटेबलपेक्षा पानवाल्याचा शब्द खरा.

बांध आधी बघ

हा माझा मुख्य मंत्र. बाकीचं विसरलीस तरी चालेल.

तिथे पोचल्यावर सगळे पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात. तू आधी बांधावर जा. धामापूर हे देवानं दिलेलं तळं नव्हे. माणसांनी दोन डोंगरांमधली चिंचोळी जागा शोधली आणि बाटलीला बूच मारावं तशी ती बांधानं बंद केली. साल १५३०. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी हा तलाव बांधला. त्याच्या आदल्या वर्षी कृष्णदेवराय वारला होता आणि अच्युतदेवराय गादीवर आला होता. उत्तरेत त्याच साली बाबर गेला. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया पडला १६६४ मध्ये. म्हणजे शिवाजी महाराज कुरटे बेटावर किल्ला उभारत होते तेव्हा धामापूरचा तलाव १३४ वर्षांचा झालेला होता. मैत्रिणींना हा आकडा सांग, किल्ला बघणाऱ्यांना तो चटकन लागू पडतो.

२०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगानं धामापूरला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी भारतातली आणखी तीन कामं त्या यादीत गेली, तिन्ही आंध्रातली: कंबमचा तलाव, पोरुमामिल्लाचा तलाव आणि कर्नूल-कडप्पा कालवा. यातलं पोरुमामिल्ला लक्षात ठेव. तिथे १३६९ चा एक शिलालेख आहे, तोही विजयनगरच्याच काळातला. चांगला तलाव कसा ओळखावा, याची बारा अंगं आणि सहा दोष त्यात दगडावर कोरून ठेवले आहेत. तळ कठीण हवा. गोड पाण्याचा प्रवाह लांबून येणारा हवा. डोंगर दोन्ही बाजूंनी टेकलेले हवेत, आणि त्यांच्यामधला बांध दगडी, घट्ट, पण फार लांब नको. पोट खोल आणि ऐसपैस हवं. जवळ लांब सरळ दगडांची खाण हवी, शेजारी सपाट पिकाऊ जमीन हवी, आणि हे काम जाणणारी माणसं हवीत. दोषही तितकेच रोखठोक. बांध पाझरणारा असणं, जमीन खारी असणं, तलावाच्या मधोमध उंचवटा असणं, पाणी थोडं आणि भिजवायची जमीन फार, किंवा पाणी फार आणि जमीन थोडी. सहावा दोष मला भारी आवडतो: तलाव दोन राज्यांच्या सीमेवर असू नये. पाण्यावरून भांडण कुठे लागतं हे त्यांना तेव्हाही पुरतं ठाऊक होतं.

धामापूरच्या गवंड्यांनी तो लेख वाचला होता असं मी म्हणत नाही. राज्य एक, विद्या एक, मधे दीडशे-पावणेदोनशे वर्षं. तू बांधावर उभी राहा आणि ती यादी एकेक करून पडताळून बघ. डोंगर टेकलेत का? टेकलेत. बांध आखूड का? डोंगर जवळ आले तिथेच घातलाय म्हणून आखूड. शेती कुठे? पाण्याकडे पाठ केलीस की समोर. यादी हातात असली की अर्धा तास कसा गेला कळत नाही, आणि ‘इथे करायचं काय?’ म्हणणाऱ्याही गप्प होतात.

मातीच्या बांधाचं आणखी एक सांगते. पाणी मागून रेटतं याचं त्याला फारसं भय नसतं. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की मात्र तो खरवडत जातो आणि बघता बघता फुटतो. म्हणून जादा पाणी बाजूनं, कठीण जमिनीवरून काढून द्यायची वाट ठेवलेली असते, तिला सांडवा म्हणतात. कुठलाही जुना तलाव बघताना सांडवा शोध. बांध उभारणाऱ्याची ताकद बांधात दिसते, सांडव्यात त्याची अक्कल दिसते. इतकी वर्षं कोकणचा पाऊस झेलून जे टिकलं, ते दोन्हींच्या जोरावर.

देवळात पाहुण्यासारखी वाग

भगवतीचं देऊळ पाण्याला लागूनच आहे. चपला बाहेर काढायच्या, गाभाऱ्यात शिरायचं नाही, तिथला मान गुरवाचा. ओटी भरायची असेल तर नारळ, खण, तांदूळ घेऊन जा. गावातल्या दुकानातूनच घे, रत्नागिरीहून लादून नेऊ नकोस. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला तर आपलं नाव आणि गाव स्पष्ट सांग. ‘पुण्याहून आलो’ एवढंच सांगून चालत नाही. मूळ गाव कुठलं, ते विचारतातच, आणि सांगितलं की बोलणं सुरू होतं. कोणी कौल लावून बसलं असेल तर जवळ जाऊ नको आणि फोन वर धरू नको. त्या माणसानं देवीला काय विचारलंय ते त्याच्या घरचं असतं.

देवीच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. तिथे बसून पाय सोडायचा मोह होईल. आजूबाजूला बघ, गावातल्या बायका काय करतात ते बघ आणि तसंच कर.

दागिन्यांची गोष्ट गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐक

या तलावाची एक कथा आहे. पूर्वी म्हणे गावात लग्न निघालं की परडीत फुलांचे दागिने घालून ती पाण्यात सोडायची आणि देवीला मागणं घालायचं. परडी परत यायची ती सोन्याचे दागिने घेऊन. लग्न झालं की ते दागिने जसेच्या तसे तळ्याला परत करायचे. मग कोणा एकाच्या मनात लोभ शिरला, त्यानं दागिने ठेवून घेतले, आणि त्या दिवसापासून तळं द्यायचं थांबलं. सगळ्यांनाच.

मी सांगितली ती हाडं आहेत. मांस तिकडे मिळेल. कोणाच्या घरचं लग्न, दागिने कोणते, लोभी कोण, हे प्रत्येक सांगणाऱ्याचं वेगळं असतं. ऐकताना ‘हे खरं का?’ असं विचारू नकोस. एवढंच ध्यानात घे, की जे गाव एका तळ्यावर शेती करतं, त्याला ही गोष्ट पोरांना सांगावीच लागते. गरजेपुरतं घ्यावं आणि वेळेवर परत ठेवावं, नाहीतर एकाच्या पायी सगळ्यांचं पाणी तुटतं. पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यानं हजार वेळा ओरडून जे होत नाही, ते एका परडीनं होतं.

पाण्याचे नियम

पोहायला उतरू नको. पहिलं कारण, तळाचा अंदाज नाही, झाडाची बुडं आणि चिखल पाय धरून ठेवतात. दुसरं कारण त्याहून मोठं: या तलावाचं पाणी मालवण शहराला नळानं जातं. आपण अंग घासायचं आणि कुणीतरी ते प्यायचं, हे बरं नव्हे. साबण, शाम्पूच्या पुड्या, निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी, कुरकुऱ्यांचं पाकीट, यातलं काहीही काठावर राहता कामा नये. एक रिकामी पिशवी बरोबर ठेव आणि कचरा घरी घेऊन ये. नावेत बसायला मिळालं तर लाइफ जॅकेट अंगावर बांधूनच बस, नुसतं मांडीवर घेऊन नको.

पहाटे गेलीस तर पक्षी भेटतील. खंड्या, पाणकावळे, बगळे. नशिबात असेल तर डोंगरावरून पंख फडफडवत जाणारा धनेश. त्याचा आवाज आधी येतो, तेव्हा मान वर कर. मैत्रिणींना गाणी लावायची असतील तर गाडीत लावू देत, काठावर नकोत.

पोटाची सोय आधीच लावून ठेव

तलावावर हॉटेलांची रांग आहे अशा समजुतीत राहू नकोस. गावात किंवा चौक्याला घरगुती खानावळ असेल तिथे सकाळीच सांगून जा: इतकी माणसं, शाकाहारी किती, मासे खाणाऱ्या किती. सांगितलं तर चुलीवरचा भात, ताजी सोलकढी, नारळाच्या वाटपाची उसळ मिळते. न सांगता दुपारी दोनला दारात उभी राहिलीस तर घरच्या बाईला परत चूल पेटवावी लागते. फेब्रुवारी-मार्चात गेलीस तर ओल्या काजूची उसळ विचार. सुटे पैसे जवळ ठेव. डोंगराच्या कुशीत फोनची रेंज जाते, आणि रेंज गेली की फोनमधले पैसेही जातात.

नाश्त्याला घावणे मिळाले तर चटणी पुन्हा मागायला लाजू नकोस. मालवणी बाईला दुसऱ्यांदा मागणारा पाहुणा आवडतो.

अर्धा दिवस उरला तर वालावलला जा

कर्लीच्या पलीकडे, कुडाळ तालुक्यात वालावल आहे. तिथे लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ आणि त्याला लागूनच तळं. धामापूरचं तळं पसरलेलं, रानातलं. वालावलचं आटोपशीर, देवळाच्या कुशीतलं. दोन्ही एका दिवसात बघितलीस म्हणजे कळेल, की या भागात देऊळ आणि पाणी यांची सांगड किती जुनी आहे. देवाची भीती होती म्हणून तळं बुजवायला कोणी धजावलं नाही, आणि तळं होतं म्हणून देवाच्या जमिनी पिकल्या. कुडाळजवळ पिंगुळीही आहे. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपला आहे. पोरं बरोबर असतील तर पिंगुळी आधी कर.

पण सगळं एकाच दिवसात कोंबू नको. दोन तळी आणि एक जेवण, एवढं पुरे.

परत आलीस की इथला पऱ्या बघ

हा शेवटचा सल्ला, आणि हा माझ्या सोयीचा आहे. धामापूर बघून आलेली माणसं ‘काय सुंदर!’ म्हणतात आणि घरी येऊन टँकरला फोन लावतात. नागेश देसायांकडे राज्य होतं, त्यांना तलाव बांधता आला. आपल्याकडे सिमेंटची रिकामी पोती आहेत. आपल्या वाडीखालचा पऱ्या नोव्हेंबर-डिसेंबरात अजून वाहता असतो. तेव्हा पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, विटा रचतात तशी सांधे चुकवून आडवी रचायची, की वनराई बंधारा तयार. एका बाजूला पाणी निघायला जागा ठेवायची. सांडवा कशासाठी असतो ते आता तुला सांगावं लागणार नाही. दहा-बारा माणसं आली तर एका सकाळचं काम आहे. वरच्या विहिरींना त्यानं मार्च-एप्रिलपर्यंत आधार मिळतो, गुरांना पाणी मिळतं, उन्हाळी भाजीचे चार वाफे निघतात.

तेव्हा धामापूरला दिवाळीनंतर जा, आणि येताना मैत्रिणींना घेऊन एक रविवार इथे काढ. पोती मी गोळा करून ठेवते, सुतळी आणि दाभण घरात आहे. फावडी मात्र दोनच आहेत, येताना लांज्याच्या बाजारातून आणखी दोन घेऊन ये.